ऊन अडवायला वजन लागत नाही

मे महिन्याच्या १० किंवा ११ तारखेला सोलापुरात एखादी काठी जमिनीत अगदी ताठ रोवून ठेवा. दुपारी साडेबाराच्या थोडे आधी तिची सावली नाहीशी झालेली दिसेल. आपले शहर १७ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर वसलेले आहे, आणि त्या दिवशी सूर्य नेमका आपल्या डोक्यावर येतो. ऑगस्टच्या आरंभी तो पुन्हा एकदा तसाच येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात आणि कोणाचे लक्ष जात नाही. मे महिन्यात मात्र आकाश निरभ्र असते. अशा वेळी सूर्यकिरणांना लंब असलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट इतकी शक्ती पडत असते. दहा फूट बाय दहा फूट खोलीचे छप्पर नऊ चौरस मीटरांहून थोडे मोठे भरते. म्हणजे एकेक किलोवॅटच्या नऊ शेगड्या त्या खोलीच्या डोक्यावर पेटवून ठेवाव्यात, तसा हा प्रकार झाला. आणि भिंती? सूर्य डोक्यावर असताना उभ्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, उन्हाळ्यात घर का तापते असे कोणालाही विचारले तर उत्तर भिंतींविषयी येते. ‘पूर्वी हात-दीड हात जाडीच्या भिंती होत्या, आता चार इंची आल्या’, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. पश्चिमेची भिंत चार वाजता हात लावू देत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण शहरातील चाळींत आणि दाटीच्या वस्त्यांत दोन बाजूंच्या भिंती शेजाऱ्याच्या घराला लागून असतात, समोर अरुंद बोळ असतो. तेथे उन्हाला उघडी पडणारी बाजू एकच, ती म्हणजे छप्पर. माझे तर स्पष्ट मत आहे की, सोलापूरच्या लहान घराचा उन्हाळा नव्वद टक्के छपरात आहे, आणि आपण सगळे उपाय भलतीकडेच करीत बसतो. नव्वद हा आकडा मोजलेला नाही. मताचा जोर दाखविण्यापुरता घ्यावा.

आमच्या आजोबांच्या पिढीला छपराचे महत्त्व बरोबर समजलेले होते. अक्कलकोट, बार्शी, तुळजापूर, औसा या सगळ्या पट्ट्यात जुने घर म्हणजे माळवदाचे घर. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी सरे, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, आणि त्यावर मातीचा जाड थर. ही माती शेतातली काळी माती नसे. काळी माती वाळली की भेगाळते. माळवदावर घालायची ती गावठाणातली पांढरी माती. मृग लागण्यापूर्वी घरातील कर्ता माणूस वर चढून भेगा बुजवी, नव्या मातीची पाटी पसरी, थर चोपून घेई. जुनी माती मात्र सहसा कोणी काढीत नसे. त्यामुळे दरसाल थर चढत जाई आणि दोन-तीन पिढ्यांत तो दीड-दोन फुटांवर पोचे.

अशा छपराखाली दुपार गार का जाते, याचे गणित फ्रेंच गणिती फूरिए याने घालून दिलेले आहे. उष्णतेवरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १८२२ साली प्रकाशित झाला. दिवसा ऊन आणि रात्री गारवा ही पृष्ठभागावर रोज उठणारी एक लाट आहे अशी कल्पना करा. ही लाट आत शिरताना दोन गोष्टी घडतात: तिची उंची घटत जाते आणि ती मागे पडत जाते. वाळलेल्या मातीत सुमारे १२ सें.मी. आत गेल्यावर लाटेची उंची ३७ टक्के उरते आणि ती पावणेचार तास मागे पडते. आणखी १२ सें.मी. गेल्यावर त्या ३७ टक्क्यांचे पुन्हा ३७ टक्के, म्हणजे जवळजवळ १४. दीड फूट मातीच्या खाली पोचेपर्यंत जेमतेम दोन टक्के उरतात. वरची माती रात्री २५ आणि दुपारी ६० अंशांवर जात असली, तरी खाली फळीला एका अंशाचाही फरक कळत नाही. शिवाय दुपारी दोनची झळ खाली पोचते ती पहाटे चारच्या सुमारास, म्हणजे जेव्हा ती कोणाला नकोशी वाटणार नाही अशा वेळी. (हे गणित मुळात खोल जमिनीसाठी आहे. छपराच्या खाली हवा असल्यामुळे ते थोडे बदलते. पण अंदाजाला पुरते.)

माळवदाचे गुणगान येथेच थांबवतो, कारण पुढची गोष्ट वेगळी आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती बोळवून लोक थकून झोपलेले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत आहे. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. मांडणीवरची भांडी खणखणल्याचे आणि कोणीतरी मला दंडाला धरून अंगणात ओढल्याचे आठवते. लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता सहापेक्षा थोडीच अधिक होती. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि इतकी माणसे मरत नाहीत. येथे माणसे मेली ती घरांमुळे. भिंती ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या. बाहेरची आणि आतली अशा दोन फळ्यांत बांधलेल्या, आणि त्या दोन फळ्यांना एकत्र धरून ठेवणारे लांब, आरपार दगड क्वचितच घातलेले. हादरा बसताच फळ्या सुटल्या, भिंती फुटल्या, आणि जेथे छप्पर भिंतींवर टेकलेले होते तेथे कित्येक टन माती झोपलेल्या माणसांवर आली. ज्यांच्याकडे असे घर बांधण्याची ऐपत नव्हती, त्यांच्या कुडाच्या आणि गवती छपरांच्या झोपड्या मात्र पुष्कळशा टिकल्या.

त्यानंतर आमच्या पट्ट्यात माळवदाविषयी भीती बसली ती कायमची. अक्कलकोट तालुक्यातील आमच्या घराचे माळवद त्याच वर्षी दिवाळीनंतर उतरवले. माती वाहून नेणाऱ्या बैलगाडीच्या खेपा मोजायचे काम आम्हा मुलांकडे होते. चाळीसपर्यंत मोजून आम्ही कंटाळलो. एवढे ओझे रोज आपल्या डोक्यावर होते, हे तेव्हा कोणी बोलून दाखवले नाही, पण मोठ्यांचे चेहरे मला आठवतात. त्या जागी पत्रे आले. पुढच्या उन्हाळ्यापासून आजीची दुपार घरात गेली नाही. ती परसातल्या कडुनिंबाखाली बाज टाकून बसू लागली. घराला ‘तवा’ म्हणणारी ती घरातली पहिली.

माळवद उतरवले हे योग्यच केले. त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि हल्ली शहरातील काही मंडळी मातीच्या घरांचे जे सरसकट गोडवे गातात ते ऐकले की किल्लारी त्यांना कोणी दाखवली नाही का, असा प्रश्न पडतो. (मातीचे घर भूकंपाला टिकेल असेही बांधता येते, पण त्याला कारागिरी लागते, नुसती आवड पुरत नाही.) चूक झाली ती पुढच्या पायरीवर. लोकांनी असे मानले की, गारवा हवा तर जड छप्पर हवे, आणि जीव वाचवायचा तर हलके. तेव्हा दोहोंपैकी एक निवडा. आणि लोकांनी जीव निवडला. परंतु असा पेच पदार्थविज्ञानात मुळी नाहीच. वजन आणि उष्णतारोध या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि माळवदात त्या योगायोगाने एकत्र आल्या होत्या.

हे पटण्यासाठी थोडे आकडे पाहू. एक मीटर जाडीच्या पदार्थाच्या दोन बाजूंत एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, ती त्या पदार्थाची उष्णतावाहकता. पोलादाची ती ५० च्या आसपास असते, काँक्रीटची दीडच्या आसपास, वाळलेल्या मातीची सुमारे ०.७, लाकडाची ०.१५, थर्मोकोलची ०.०३५ आणि स्थिर हवेची ०.०२६. यादीच्या तळाशी पाहा. सर्वांत चांगला दुर्वाहक हवा आहे. अट एवढीच की ती हलता कामा नये. थर्मोकोल, लोकर, कापूस, वाळलेले गवत हे सगळे हवेला जागच्या जागी डांबून ठेवण्याचे प्रकार आहेत. गवती छपराची झोपडी उन्हाळ्यात गार राहते आणि भूकंपातही टिकते याचे गुपित हेच. ती हलकी आहे, कारण तिच्यात बहुतेक हवाच आहे.

आता दीड फूट, म्हणजे ४५ सें.मी. मातीचा थर घ्या. तो उष्णतेला जितका विरोध करतो, तितका विरोध करायला थर्मोकोल किती जाडीचा लागेल? ४५ ला ०.७ ने भागा आणि ०.०३५ ने गुणा. उत्तर येते सव्वादोन सें.मी. एक इंचही नाही! आणि वजन? त्या दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती साडेसहा टनांहून अधिक भरते. एक इंच थर्मोकोल भरतो पाच किलोच्या आसपास. एका पारड्यात साडेसहा टन आणि दुसऱ्यात पाच किलो, तरी उष्णतारोधाचा काटा समतोल! वर्गात हे गणित फळ्यावर मांडले की मुले हमखास विचारतात, ‘सर, दशांश चिन्ह चुकले का?’ चुकलेले नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माती उष्णता नुसती अडवीत नव्हती, ती साठवीतही होती, आणि म्हणूनच ती लाटेला चौदा तास मागे ढकलू शकत होती. थर्मोकोलला साठवण जवळजवळ नाही. त्यामुळे ‘एक इंच थर्मोकोल म्हणजे माळवद’ असे कोणी म्हणाले तर ते अर्धेच खरे होईल. पण साठवण छपरातच असली पाहिजे असा काही नियम नाही. ती जमिनीत असते, भिंतींत असते. वरून येणारे ऊन दारातच अडवले, तर खालची फरशी आणि भिंती रात्रीचा गारवा दुपारपर्यंत धरून ठेवतात. साठवणाऱ्या वस्तू आत, अडवणारी वस्तू बाहेर: हा क्रम मात्र उलटा होऊन चालत नाही. स्लॅबच्या खालच्या बाजूला थर्मोकोल चिकटवून वर स्लॅब तापू दिला, तर सबंध स्लॅब भट्टीसारखा तापतो आणि त्याची साठवण खोलीच्या उपयोगी पडत नाही. थर स्लॅबच्या वर हवा आणि त्यावर पाणी न शिरू देणारी फरशी किंवा गिलावा.

आता पत्र्याकडे वळू. पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या तापमानात मोजण्याइतका फरक राहत नाही. गंजलेला, मळलेला पत्रा भर उन्हात ६०-६५ अंशांवर सहज जातो. येथे एक प्रश्न विचारतो. गरम हवा हलकी असते आणि वर जाते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पत्र्याला लागून असलेली हवा तापते, पण ती आधीच वर आहे. मग ती खाली येऊन आपल्याला कशी भाजते? ती येतच नाही. म्हणजे अभिसरणाने उष्णता खाली येत नाही, हवेतून वहनाने तर नाहीच नाही. ती येते प्रारणाने. सूर्याची उष्णता अवकाशातून येते तशीच. तापलेला पत्रा हा आपल्या डोक्यावरचा एक काळसर, न दिसणारा दिवा आहे.

स्टेफानच्या नियमाने त्याचा हिशोब करता येतो. तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचे, त्याचा चतुर्थ घात करायचा आणि स्थिरांकाने गुणायचे. ६५ अंशांवरचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ७४० वॅट बाहेर टाकतो. आपली त्वचा ३५ अंशांच्या आसपास असते. ती सुमारे ५१० वॅट टाकते. फरक २३० वॅट. पत्रा अगदी काळा नसतो म्हणून २०० धरा. पत्र्याखाली उघड्या डोक्याने बसलेला माणूस ही उष्णता घेत राहतो, मग हवा कितीही गार असो.

कूलरची मर्यादा येथे कळते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कूलर सोलापुरात चांगला काम देतो. मुंबईत तो देणार नाही. पण कूलर हवा गार करतो, पत्रा नाही. भाकरी भाजणाऱ्या बाईला चुलीसमोर पंखा लावून दिला तर तिच्या पाठीला वारा लागेल, तोंडाची धग तशीच राहील. पंख्याचे तर काही वेळा उलटेच होते. छताशी निवांत असलेली गरम हवा तो ढवळून खाली आणतो.

सोलापुरात हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही. ज्या घराला आपण घर म्हणतो, ते येथे हजारो कुटुंबांचे कामाचे ठिकाणही असते. शहराच्या पूर्व भागात दुपारी बाया उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या दिसतात. सुपातली तंबाखू उडते आणि भिजवलेले पान वाळते म्हणून पंखा मोठा करता येत नाही. हजार विड्यांचा हिशोब असतो, ऊन आहे म्हणून काम थांबवले तर मजुरी थांबते. शिवणकाम करणाऱ्यांचे आणि घरालगत माग टाकलेल्यांचे तेच. आणि त्याच खोलीत एका कोपऱ्यात दहावीचा मुलगा प्रकाशाचे परावर्तन वाचत असतो, तेही पत्र्याखाली.

स्लॅबच्या घरात ही गोष्ट वेगळ्या वेळी घडते, एवढाच फरक. चार-साडेचार इंचांच्या काँक्रीटमधून दिवसाची लाट अर्ध्याच्या आसपास उंचीने आणि तीन-चार तास उशिरा खाली येते. दुपारी दोनचे ऊन संध्याकाळी पाच-सहाला छताच्या पोटाशी पोचते, आणि पुढे मध्यरात्रीपर्यंत छत ते खोलीत सोडत राहते. पत्र्याचे घर नऊ वाजता निवते, स्लॅबचे बाराला. म्हणून लोक गच्चीवर झोपायला जातात. स्लॅबची वरची बाजू मोकळ्या आकाशाला प्रारण देऊन लवकर गार होते, खालची होत नाही. एकच वस्तू वरून अंथरुणाला योग्य आणि खालून नकोशी! काही घरांत संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात. शास्त्रीयदृष्ट्या ते अगदी बरोबर आहे, पण उन्हाळ्यातली पाणीटंचाई ठाऊक असलेल्या शहरात त्याची शिफारस करण्याचे धाडस मला होत नाही.

मग करावे काय? पहिला उपाय इतका स्वस्त आहे की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. छप्पर पांढरे करा. ताजा पांढरा चुना आपल्यावर पडलेल्या उन्हापैकी सत्तर-पंचाहत्तर टक्के तरी परत फेकतो. नऊ शेगड्यांपैकी सहा-सात आपण छपरावर पोचण्याआधीच विझवल्या. अहमदाबाद शहराने उष्णतेच्या लाटांसाठी २०१३ साली कृती आराखडा तयार केला आणि पुढे २०१७ पासून झोपडपट्ट्यांतील छपरे पांढरी करण्याचा उपक्रम घेतला. तेलंगणाने २०२३ साली ‘शीत छप्पर’ धोरण जाहीर केले. सोलापूरच्या विणकर समाजाचे मूळ ज्या प्रदेशात आहे, तो प्रदेश जे करतो ते येथे का होऊ नये? चुन्याची अडचण एवढीच की तो नव्या जस्ती पत्र्यावर धरत नाही, तेथे पांढरा रंगच लावावा लागतो. आणि स्लॅबवरचा चुना पावसाळ्यात धुपतो. म्हणजे दरसाल पाडव्याच्या सुमारास पुन्हा ब्रश हाती घेणे आले. आजोबा दर मृगाला माळवदावर चढत होतेच की.

याच्या अगदी उलट प्रकार मी अनेक गच्च्यांवर पाहतो. गळती थांबावी म्हणून डांबरी थराचे काळे कापड सबंध स्लॅबवर चिकटवलेले असते. गळती थांबते, आणि उन्हापैकी नव्वद टक्के शोषून घेणारे छप्पर तयार होते. तेच कापड वरून चंदेरी मुलामा दिलेलेही मिळते, हे विकत घेताना विचारायला हवे.

दुसरा उपाय पत्र्याच्या घरांसाठी, आणि तो आपल्या शहराला शोभणारा आहे. पत्र्याखाली, त्याच्यापासून वीतभर अंतर सोडून, जुनी चादर किंवा साडी ताणून बांधा. पूर्वी लग्नघरात चांदवा बांधीत, तशी. प्रारणाच्या मार्गात असा एक पडदा आला की तो वरून घेतलेली उष्णता वर आणि खाली अशी दोन्हीकडे सोडतो. दोन काळ्या पृष्ठभागांच्या मध्ये तिसरा काळा पडदा धरला तर जाणारे प्रारण बरोबर निम्मे होते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे दोन ओळींत सिद्ध करून पाहावे. पडदा चकचकीत ॲल्युमिनियमच्या कागदाचा असेल तर मात्र निम्म्यावर थांबत नाही. असा कागद स्वतः तापला तरी काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत पाच टक्क्यांच्या आसपासच प्रारण सोडतो. येथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: चकचकीत बाजू खाली असू द्या. वरच्या बाजूवर धूळ बसते आणि महिन्याभरात तिची चमक जाते. खालच्या बाजूवर धूळ बसत नाही.

थर्मोकोल पत्र्याखाली उघडा लावू नये. तो पेट घेतो आणि पेटताना विषारी धूर सोडतो. एका खोलीत स्वयंपाक आणि झोप दोन्ही असताना हा धोका पत्करण्यासारखा नाही. चादरीलाही शेगडीच्या वर जागा देऊ नका. पत्र्यावर उसाचे पाचट किंवा कडबा पसरण्याची पद्धत खेड्यांत आहे; उष्णतारोध उत्तम, पण उन्हाळ्यातली एक ठिणगी पुरते. आणि सिमेंटच्या जुन्या पत्र्यांना चादर बांधण्यासाठी भोके पाडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, आणि भोक पाडताना उडणारी त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. दोरी वाशांना किंवा भिंतीतल्या खिळ्यांना बांधावी.

हे झाले ज्याने त्याने करायचे. पण नवीन घरे बांधताना हे आधीच का केले जात नाही, हा माझा खरा प्रश्न आहे. केंद्र सरकारने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. तीत छपरातून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे, १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता जाऊ नये अशी मर्यादा घातली. उघड्या स्लॅबचा हा आकडा साडेतीनच्या आसपास येतो, पत्र्याचा पाचच्या आसपास. स्लॅबवर दोन इंच थर्मोकोल घातला तर तो ०.६ वर उतरतो. आणि आमचे उतरवलेले माळवद? फळी, माती सगळे धरून हिशोब केला तर सुमारे १. म्हणजे पांढऱ्या मातीचे ते अडाणी छप्पर या संहितेत उत्तीर्ण झाले असते, आणि आजची बहुतेक पक्की घरे नापास होतात. पण ती मर्यादा घातली गेली ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींना. पाचशे चौरस मीटर म्हणजे पाच हजारांहून अधिक चौरस फूट. त्या भूखंडांवर राहणाऱ्यांना वातानुकूलन परवडते. ज्यांना परवडत नाही, त्यांचे छप्पर संहितेच्या बाहेर राहिले. वीज वाचविण्याच्या दृष्टीने हे कदाचित सयुक्तिक असेल, कारण जो वीज वापरतच नाही त्याच्याकडून ती वाचणार कशी? माणसाच्या दृष्टीने मला ते उलटे वाटते.

सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार, यंत्रमाग कामगार व इतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची ‘रे नगर’ वसाहत उभारण्यात आली, आणि त्यांपैकी १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी लोकांच्या हाती देण्यात आली. कामगारांना स्वतःचे पक्के घर मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. अशा वसाहतींचा आराखडा एकाच टेबलावर होतो. त्या कागदावर स्लॅबच्या वर दोन इंचांची आणखी एक रेघ ओढायची की नाही, यावर वरच्या मजल्यांवरील हजारो कुटुंबांच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या दुपारी ठरतात. नंतर घरोघरी जाऊन ती रेघ ओढणे फार महाग पडते. नगरपालिकेने आणि गृहनिर्माण करणाऱ्या प्रत्येक खात्याने नकाशा मंजूर करताना लोखंडाची जाडी विचारावी तशी छपराच्या उष्णतारोधाची जाडीही विचारावी, अशी माझी मागणी आहे. किल्लारीनंतर घर पडू नये याचे नियम आपण शिकलो, तसे घर भाजू नये याचेही शिकता येतील.

शिक्षकांसाठी शेवटी एक सूचना. उष्णतेचे प्रकरण शिकवताना आपण थर्मासची आकृती काढतो आणि पातेल्याच्या लाकडी दांड्यावर थांबतो. त्याऐवजी मार्च महिन्यात बिस्किटांचे सारखे चार पत्र्याचे डबे जमवा. एक तसाच ठेवा. एकाचे झाकण बाहेरून पांढरे रंगवा. एकाच्या झाकणाखाली दोन बोटे अंतर सोडून कापड ताणा. चौथ्यात कापडाऐवजी ॲल्युमिनियमचा कागद, चकचकीत बाजू खाली. झाकणे सोडून डबे सर्व बाजूंनी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळा, म्हणजे ऊन फक्त ‘छपरातून’ येईल. प्रत्येकाच्या तळाशी, काळ्या कागदाच्या तुकड्यात गुंडाळलेला तापमापीचा फुगा येईल अशी व्यवस्था करा, कारण आपल्याला हवेचे नव्हे, वरून येणाऱ्या प्रारणाचे काम पाहायचे आहे. अकरा ते तीन दर अर्ध्या तासाला नोंद घ्या. मग मुलांना घरच्या नोंदी करायला सांगा: दुपारी तीनला आणि रात्री नऊला, खोलीच्या मध्यभागी, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. सोबत छप्पर पत्र्याचे की स्लॅबचे, रंग कोणता, आणि त्या वेळी घरात कोण काय काम करीत होते, हेही लिहायला सांगा. पत्र्यावर चढून मोजमाप करण्याचे साहस कोणीही करू नये. गंजलेला पत्रा पायाखाली फाटतो. तक्ते तयार झाले की ते संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. पूर्व भागातील शाळांचे तक्ते आले तर मला ते सर्वांत आधी पाहायचे आहेत.